चाल कुणाची, शब्द कुणाचे?

मिस्सा संपते, समारोपाचे गीत मंदिरात घुमते आणि भाविक घरोघरी परततात. त्या गीताचे शब्द कुणी रचले, चाल कुणी बांधली, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आपल्या गीतपुस्तिकांतही बहुधा पहिली ओळ आणि क्रमांक तेवढा असतो. कर्त्याचे नाव नसते. भाईंदरपासून डोंगरी-उत्तनपर्यंतच्या आपल्या भूमीत चार शतके ख्रिस्तगान चालू आहे. त्या गानाची वंशावळ मात्र आपण जपलेली नाही.

या वंशावळीचा मूळ पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. 1549 साली इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यास आला आणि 1616 मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. स्टीफन्सने युरोपीय छंद मराठीवर लादला नाही. ज्या ओवीत येथील लोक पुराणे ऐकत होते, तीच ओवी त्याने ख्रिस्तचरणी वाहिली. पुढे 1659 मध्ये फ्रान्सिस्कु वाज द गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. त्याची भाषा गोव्याची नव्हे, आपल्या उत्तर कोकणची. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापले गेले, यावरून त्याचा लोकमानसातील ठाव दिसून येतो. 1739 मध्ये वसईचा पाडाव झाला, पोर्तुगीज सत्ता गेली. पण श्रद्धा उरली, तशी गाणीही उरली. ‘ख्रिस्तपुराणा’त शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल राहिली ती लोकांच्या कंठात.

दुसरा प्रवाह समुद्रापलीकडून आला. ‘स्टिले नाख्ट’ या नाताळगीताचाच इतिहास पाहा. ऑस्ट्रियातील तरुण धर्मगुरू योसेफ मोर यांनी 1816 मध्ये शब्द लिहिले. शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रूबर यांनी 24 डिसेंबर 1818 रोजी त्यांना चाल दिली आणि त्याच रात्री ओबर्नडॉर्फच्या मंदिरात ते गिटारच्या साथीने गायिले गेले. पुढे गीत जगभर पसरले, कर्ते विस्मरणात गेले. कुणी ती चाल थोर संगीतकारांच्या नावावर खपवली. अखेर 1854 मध्ये वृद्ध ग्रूबर यांना स्वतःच गीताची जन्मकथा लिहून ठेवावी लागली. मोर यांचे हस्तलिखित तर 1995 मध्ये उजेडात आले.

परक्या चालीवर मराठी शब्द बसवणे हे अवघड काम आहे. पाश्चात्त्य चाल आघातावर चालते, मराठी कविता बहुधा अक्षरसंख्येवर किंवा लघुगुरूंवर. दीर्घ अक्षर तोकड्या स्वराखाली आले की शब्द ठेचकाळतो. ‘स्टिले नाख्ट’ची सहा मात्रांची झुलती लय आपल्या दादऱ्याच्या जवळची आहे, म्हणून ती मराठी जिभेला मानवते, सर्वच चालींचे तसे नसते. अनुवादकाने या अडचणीतून वाट काढलेली असते आणि त्याचेच नाव पुस्तिकेतून गळते.

तिसरा प्रवाह अभंगाचा. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे आणि त्यांच्यामागून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत देशी चालींचे भजन-कीर्तन रुजवले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोहोचल्याचे सांगत. आपल्या कॅथलिक उपासनेत लॅटिनचे राज्य असल्याने हे दार उशिरा उघडले. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान घोषित केले. मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही टाळ-मृदंगाची चाल ‘आपली’ नव्हे, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की, ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटावरील जे गंभीर स्तोत्र युरोपात पवित्र सप्ताहात गातात, त्याची चाल हान्स लेओ हासलर यांनी 1601 मध्ये छापलेल्या एका प्रेमगीताची आहे. चाल जन्माने पवित्र नसते. प्रार्थनेने ती पवित्र होते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. तरुणपणी एका धर्मग्रामात असताना उपवासकाळातील एक संथ, जुने गायन ‘वेळ फार जातो’ म्हणून मीच बंद केले. ते गाणाऱ्या आजी काही वर्षांनी देवाघरी गेल्या. चालही त्यांच्याबरोबर गेली. ती पुन्हा मिळवण्याचा मार्ग आता मला दिसत नाही.

म्हणून गायनवृंदांना विनंती आहे. गीतपुस्तिकेची नवी आवृत्ती काढाल तेव्हा प्रत्येक गीताखाली कवी, अनुवादक व संगीतकार यांची नावे शोधून घाला. गावातील वृद्धांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवा. ग्रूबर यांना आपल्या गीताची साक्ष द्यायला आयुष्य पुरले. आपल्या आजींना ते पुरेलच असे नाही.