दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत

दिल्लीच्या लाल किल्ल्यांत लाहोरी दरवाज्यानें शिरणारा प्रवासी छत्ता चौकांतील दुकानें, नौबतखाना आणि दिवाण-इ-आम मागें टाकीत पूर्वेकडे जातो. एके काळीं ज्या तटाखालून यमुना वाहत असे, त्याच्या कडेला दिवाण-इ-खास उभा आहे. संगमरवरी खांब, त्यांवरील रंगीत खड्यांची वेलबुट्टी आणि स्वर्गाची उपमा देणाऱ्या फारसी ओळी पाहून झाल्या म्हणजे मराठी माणसानें मान वर करून छताकडे अवश्य पाहावें. तें लाकडी आहे, व त्यावरील रंगकाम १९११ सालचें आहे. मूळचें छत रुप्याचें होतें. तें कोणीं उतरविलें, या प्रश्नाचें उत्तर आपणांस फारसें सुखावह नाहीं.

शहाजहान बादशहानें १६३९ मध्यें या किल्ल्याचा पाया घातला व १६४८ मध्यें तो येथें राहावयास आला. १७३९ त नादिरशहानें मयूरासन नेलें. १७५७ त अहमदशहा अब्दालीनें शहर लुटलें. म्हणजे १७६० च्या ऑगस्टांत सदाशिवरावभाऊंनीं किल्ला घेतला तेव्हां तेथील वैभव पूर्वींच ओसरलें होतें. जें उरलें होतें त्यांत हें छत होतें. भाऊंनीं तें काढवून त्याचीं नाणीं पाडलीं.

केवळ लूट म्हणून ही गोष्ट सोडून देणें अन्यायाचें होईल. पुण्याहून पैसा येत नव्हता, उत्तरेंतील मामलतींची वसुली पोंचत नव्हती, आणि फुगलेल्या यमुनेमुळें पलीकडील अब्दालीवर चालून जातां येत नव्हतें. फौजेबरोबर बाजारबुणगे, बायकामुलें व यात्रेकरू यांचा मोठा जमाव होता. भाऊंच्या त्या दिवसांतील पत्रांत पैशाची ओढ पुनःपुन्हां दिसते. उपाशी शिपायापुढें शिल्पाचें कौतुक कोण करणार?

तथापि दोष उरतोच. नादिरशहा लुटून परत जाणारा परका होता. मराठ्यांनीं १७५२ च्या करारानें पातशाहीच्या संरक्षणाची हमी घेतली होती. रक्षण करणाऱ्यानेंच दरबाराचें छत वितळवावें, हें उत्तरेंतील लोकांच्या मनांत सलत राहिलें. सुरजमल जाटासही तें रुचलें नाहीं, असें सांगतात. तो लवकरच भाऊंची साथ सोडून गेला, जरी त्यास इतरही कारणें होतीं. शिवाय त्या रुप्यानें फौजेचा खर्च फार दिवस भागला नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानपत झालें.

छताची ही कथा पुष्कळांच्या कानांवर आलेली असते. याच किल्ल्यांतील दुसरी हकीकत मात्र तितकी ऐकूं येत नाहीं. १७८८ च्या ऑगस्टांत गुलाम कादिर रोहिल्यानें वृद्ध शहाआलम बादशहाचे डोळे काढविले व राजवाड्यांतील स्त्रियांचे हाल केले. तेव्हां महादजी शिंद्यांचा सरदार राणेखान फौज घेऊन आला. गुलाम कादिर पळाला, पकडला गेला व मारला गेला. आणि आंधळा बादशहा मराठ्यांच्या आधारानें पुनः तख्तावर बसला. महादजींनीं भाऊंच्या करणीची भरपाई केली असें म्हणवत नाहीं, पण दिल्लींतील मराठ्यांचा हिशेब मांडतांना हीहि बाजू लिहिली पाहिजे.

१८०३ च्या सप्टेंबरांत जनरल लेकनें शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. १८५८ मध्यें याच दिवाण-इ-खासांत बहादूरशहावर खटला चालवून त्याला रंगूनला पाठविलें. त्यानंतर आंतील बहुतेक इमारती इंग्रजांनीं पाडल्या व त्या जागीं दगडी बराकी बांधल्या. त्यांची ओबडधोबड रांग आजहि नजरेस खुपते. १९४५ च्या नोव्हेंबरांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला याच किल्ल्यांत सुरू झाला; १६ ऑगस्ट १९४७ रोजीं तटावर पंडित नेहरूंनीं तिरंगा फडकविला. सैन्य मात्र २००३ पर्यंत येथेंच होतें. बराकींपैकीं एकींत २०१९ पासून आझाद हिंद सेनेचें संग्रहालय आहे.