*स्नुसोस्

आद्य इंडो-युरोपीय भाषेतील ‘पुत्राची पत्नी’ या अर्थाचे पुनर्घटित नाम. आरंभीचे तारकाचिन्ह हे रूप कोणत्याही लेखात आढळलेले नसून कन्याभाषांच्या साक्षीवरून सिद्ध केलेले आहे, असे दर्शविते. ही खूण रूढ झाली ती मुख्यतः आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडितामुळे.

संस्कृत स्नुषा, ग्रीक नुओस्, लॅटिन नुरुस्, आर्मेनियन नु, प्राचीन स्लाव्ह स्नुखा आणि प्राचीन इंग्रजी स्नोरु हे या नामाचे प्रमुख वंशज होत. संस्कृतात उकारानंतरच्या सकाराला षत्व आले, स्लाव्हमध्ये त्याच स्थानी खकार झाला, लॅटिनने दोन स्वरांमधील सकाराचा रेफ केला, तर ग्रीकने तो अजिबात टाकून दिला. इंग्रजी रूपातील रेफाचा निकाल लागण्यास मात्र कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडिताच्या नियमाची वाट पाहावी लागली. मूळ आघात सकाराच्या लगत आधीच्या स्वरावर नसेल तरच जर्मानिक भाषांत तो सकार असा पालटतो, हे त्याने दाखविले. आणि स्नुषा व नुओस् या दोहोंचा आघात अन्त्य स्वरावरच असल्याने, परस्परांना न भेटलेल्या साक्षीदारांच्या जबान्या जुळाव्यात तसा हा पुरावा जुळतो.

खरा वाद लिंगप्रत्ययाचा आहे. स्नुषा हे आकारान्त रूप पाहून मूळ शब्दही तसाच असावा, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. परंतु ग्रीक नुओस् स्त्रीलिंगी असूनही पुरुषवाचक नामांप्रमाणे चालते आणि आर्मेनियन षष्ठी नुओय हिचाही दाखला तसाच पडतो. स्त्रीवाचक नामाला आकारान्त करण्याचा मोह कोणत्याही भाषेला होईल, उलट दिशेचा बदल संभवत नाही; तेव्हा विषम रूप हेच प्राचीन मानणे युक्त ठरते. लॅटिनने निराळीच तजवीज केली : तेथे सुनेचा शब्द सासूच्या, म्हणजे सोक्रुस् या शब्दाच्या, धर्तीवर चालू लागला, गृहव्यवस्थेचा ठसा व्याकरणावरही उमटतो तो असा. ‘सूनु’ म्हणजे पुत्र या शब्दापासून दिली जाणारी व्युत्पत्ती आकर्षक असली, तरी मुळातील स्वर जुळत नसल्याने ती ग्राह्य नाही.

अथर्ववेदात सूर्यापासून दूर सरकणाऱ्या दुष्ट शक्तींना श्वशुरापासून मागे सरणाऱ्या स्नुषेची उपमा दिली आहे, यावरून सासऱ्यापुढील मर्यादेची रीत किती जुनी आहे ते कळते.

उष्ण, उण्ह, ऊन या क्रमाने जो बदल घडला, त्याच वाटेने प्राकृत सुण्हा या रूपातून मराठी ‘सून’ सिद्ध झाली. पंजाबी नूँह हीही स्नुषेचीच संतती. हिंदी बहू व गुजराती वहू या मात्र ‘वधू’पासून आलेल्या आहेत. इंग्रजीतून स्नोरु कधीच लोपला, जर्मनमधील त्याचा सजातीय श्नुर हाही या अर्थी अप्रचलित झाला. रशियनमध्ये स्नोखा अद्याप टिकून आहे.