लाल म्हणजे पिकलेले? डाळिंब पारखणाऱ्या नजरेचा इतिहास

१/ डाळिंब निवडणारा हात आज बहुधा ढिगातील सर्वांत लाल फळाकडे जातो. लाल तेवढे पिकलेले, हा समज पूर्वापार चालत आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो अलीकडच्या काही दशकांत रुजला आणि त्याची कथा पुणे, राहुरी व सोलापूर या तीन ठिकाणी घडली. (धागा)

२/ डाळिंब मूळचे इराण व त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. भारतातही ते प्राचीन काळापासून परिचित आहे. पतंजलीने महाभाष्यात अर्थहीन शब्दसमूहाचे उदाहरण देताना दहा डाळिंबांचा उल्लेख केला. अमरकोशानेही ‘दाडिम’ नोंदवले. मराठी ‘डाळिंब’ याच कुळातले.

३/ पारख करताना या फळाचा एक स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. आंबा, केळे, चिकू झाडावरून उतरल्यावरही पिकतात; म्हणून तर आढी घालतात. डाळिंबाला आढी नाही. द्राक्षाप्रमाणेच ते तोडले की त्याची गोडी तिथेच थांबते. घरी आणून ते पिकवता येत नाही.

४/ १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी ‘आळंदी’ या जुन्या वाणातून एक निवड केली. मऊ बियांचे, गोड, फिकट गुलाबी दाण्यांचे हे फळ. १९७० मध्ये त्याला ‘गणेश’ हे नाव मिळाले. त्याची साल पिवळसर, वर थोडी गुलाबी झाक. त्या काळी पिकलेले डाळिंब असेच दिसे.

५/ पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ‘गणेश’चा संकर लाल दाण्यांच्या ‘गुल-ए-शाह रेड’शी झाला. त्यातून ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि ‘भगवा’ हे वाण आले. ‘भगवा’ची साल जाड, चकचकीत, केशरी-लाल. दूरच्या प्रवासात ते टिकते आणि दुकानात उठून दिसते. साहजिकच व्यापाऱ्यांची पसंती त्याला लाभली.

६/ याला सोलापूरने जमीन दिली. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हलकी मुरमाड माती आणि १९७२ च्या दुष्काळाची आठवण. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली. ठिबक सिंचनाची जोड मिळाली. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यांत माळरानावर डाळिंब उभे राहिले.

७/ येथील शेतकरी बागेला मुद्दाम पाण्याचा ताण देतो, पानगळ घडवतो आणि हवा तो बहार धरतो: आंबे, मृग किंवा हस्त. फुलापासून पक्व फळापर्यंत ‘भगवा’ सुमारे सहा महिने घेतो. मात्र सालीवर लाली त्याआधीच चढू लागते. फसगतीचे मूळ इथे आहे.

८/ दर चढला की, किंवा ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाची चाहूल लागली की, फळ लवकर उतरवण्याचा मोह होतो. तेल्याने सालीवर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकते, उभी बाग हातची जाते. २००० नंतरच्या दशकात या रोगाने अनेकांना बागा काढायला लावल्या. घाईने तोडलेल्या फळामागे कधी कधी ही भीती असते.

९/ २००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंब’ला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ मध्ये केंद्राने लोह, जस्त व ‘क’ जीवनसत्त्व अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. नावातच रंग आला!

१०/ बागवानांची पारख मात्र रंगावर थांबत नाही. पक्व फळाचा गोलपणा कमी होतो, दाणे भरल्याने बाजू चपट्या होऊन कडा उमटतात. टोकाच्या मुकुटाच्या पाकळ्या आत मिटतात. आकाराच्या मानाने वजन भरते. टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो.

११/ याउलट अगदी गोल, गुळगुळीत, हलके फळ कितीही लाल असले तरी संशयास्पद. मऊ पडलेली किंवा तडकलेली साल टाळावी. सालीवरचा खरखरीत तपकिरी डाग मात्र अनेकदा वरवरचा असतो; आतले दाणे उत्तम निघतात.

१२/ बाजारात कुठे ‘गणेश’ दिसलेच, तर त्याच्या पिवळट सालीकडे पाहून अनेक जण पुढे जातात. आजोबांच्या पिढीने ज्याला पिकलेले म्हटले, ते नातवंडांना कच्चे वाटते. फळाची गोडी तीच राहिली. बदलली ती पाहणाऱ्याची नजर, आणि ती बदलायला एक वाण पुरेसा ठरला.