अर्धा सेकंद आणि एक 'रिअली'

आज थोडा इतिहास, पण फार जुना नाही. २०२४ च्या रंगपंचमीचा.

नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाडी. पेशवेकालीन हौद, वर्षभर बुजवून ठेवलेले, त्या दिवसासाठी उघडायचे. ३० मार्चला, शनिवारी, तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारायचं ठरलं होतं. आणि आदल्या रात्री, आपल्याकडे साडेनवाच्या सुमारास, आंद्रेस फ्रॉइंडने बॉम्ब टाकला.

हा माणूस पोस्टग्रेसवर काम करणारा. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागतायत. आपण म्हटलं असतं, नेट स्लो असेल. हा खोदत बसला! एक्सझेड या कॉम्प्रेशन पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा निघाला. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानदारीत पॅचेस देऊन विश्वास कमावला आणि मग तो घुसवला. गंमत म्हणजे एसएसएचला ही लायब्ररी लागतच नाही. काही डिस्ट्रोंनी सिस्टमडीसाठी जोडलेल्या पॅचमुळे ती मागच्या दाराने आत येते.

उपाय काय? मागे जा. पण पॅकेज मॅनेजरला एकच दिशा कळते: मोठा आकडा म्हणजे नवं. ५.६.१ असलेल्या मशीनपुढे ५.४.५ ठेवलं तर एपीटी ढुंकूनही बघत नाही. आकड्याआधी 'एपॉक' लावता येतो, पण तो एकदा लावला की कायमचा. म्हणून डेबियनने नाव दिलं '५.६.१+रिअली५.४.५-१'. पुढचा आकडा एपीटीची समजूत काढायला, खरं काय ते 'रिअली'च्या मागे. ही पद्धत जुनीच आहे. पूर्वी मी तिला हसायचो. (डेबियन स्टेबलवाल्यांनाही हसायचो. ते ५.४.१ वर निवांत होते.)

खरा पेच पुढे होता. मागे जायचं, पण किती मागे? जिया टॅनचा हात ५.४ लाही लागलेला. जुना डेबियनकर जोई हेस म्हणाला, तो यायच्या आधीच्या ५.३.१ वर जा. पटण्यासारखं होतं. पण एव्हाना खुद्द डीपीकेजी ५.४ मधल्या नव्या फंक्शन्सवर विसंबायला लागलं होतं. इतकं मागे गेलं तर पॅकेज उघडणारंच मोडणार. म्हणजे ज्याच्यावर विश्वास उडाला, त्याचंच थोडं काम ठेवून घ्यायचं, आणि ओळ न् ओळ तपासायची. ते काम मूळ मेंटेनर लासे कॉलिनच्या गळ्यात पडलं. त्याने २९ मे रोजी स्वच्छ ५.६.२ काढली. तिकडे उबुंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर लांबवली, पॅकेजेस नव्याने बिल्ड करायला.

माझ्या लॅपटॉपवर तेव्हा डेबियन टेस्टिंग होतं. शनिवारी सकाळी अपडेट मारलं, 'रिअली' आलेलं बघितलं, एसएसएचच्या सगळ्या किल्ल्या बदलल्या. खाली मित्र हॉर्न वाजवत होते. त्यांना लायब्ररीचा घोळ समजावण्यापेक्षा "आलोच" म्हटलं आणि जुना शर्ट शोधायला लागलो.