पस्तिसाला एक

शेणव्याहून किन्हवलीमार्गे सरळगावला आलं की कल्याण–नगर रस्ता लागतो. टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याला पोचलं की माथ्यावर नाणेघाटाची खिंड दिसते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांचा त्यात आकड्यांनिशी हिशेब आहे. खिंडीतला दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असं सांगतात.

जकात घ्यायची तर कोणत्या नाण्यात, हा प्रश्न इथे जुना आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनाचा लेखक स्वतः व्यापारी असावा, कारण त्याची नजर थेट नफ्यावर जाते. रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोचला नेली, तर तिथल्या चलनात बदलून घेताना फायदा होतो, असं तो नोंदवतो. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी नाणीही चालतात, हेही त्याने टिपलं. कल्याणबद्दल मात्र त्याची तक्रार आहे. बंदरावर निर्बंध आले असून चुकून शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो लिहितो.

विनिमयाचा दर तर नाशिकला दगडावरच कोरलेला सापडतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचा लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून दिले: 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 शेकडा पाऊण व्याजाने. पुढे 70,000 कार्षापणांच्या दानाची नोंद येते आणि तिथेच हिशेब मांडला आहे. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे 2,000 सुवर्ण. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवल्याचं आणि फलकावर नोंदवल्याचंही लेख सांगतो. गंमत अशी, की नहपानाच्या घराण्याने सोन्याची नाणी पाडल्याचा पुरावा नाही. ही सुवर्णं कुषाणांची असावीत असा काही अभ्यासकांचा कयास आहे. तो खरा असेल तर स्वतःच्या चांदीची किंमत परक्या सोन्यात मांडल्याचा हा फार जुना दाखला ठरतो.

नहपानाचा पराभव झाल्यावर त्याच्या नाण्यांचं काय झालं, हे 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला कळलं. तिथे सापडलेल्या साठ्यात तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. शत्रूची चांदी वितळवण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये एकाच वेळी फिरत होते. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापायचे. 1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एकसारखा रुपया आणल्यावर हळूहळू त्या धंद्याला ओहोटी लागली.

नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांना मात्र परकं चलन सुटलं नाही. तिकिटांसाठी स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग बघायचा, तर त्यातले भाव पौंडांत. 6 जून 1966 रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि 13.33 रुपयांचा पौंड 21 रुपयांवर गेला. अल्बममधलं तिकीट जागचं हललंही नव्हतं, पण कॅटलॉगातला त्याचा एक पौंडाचा भाव रुपयांत दीडपटीहून जास्त झाला. 2017 मध्ये महात्मा गांधींच्या 1948 च्या दहा रुपयांच्या, ‘सर्व्हिस’ छाप असलेल्या चार तिकिटांची पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. भारताने काढलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये छापलेल्या या तिकिटांचा सौदा ब्रिटिश पौंडांत झाला.

ऑनलाइन बाजारात हाच व्यवहार डॉलरमध्ये होतो. विकणारा आकडा लावतो, पैसे पोचवणारी कंपनी आपल्या दराने रुपये करून देते आणि मधला फरक तिच्याकडे राहतो. बट्ट्याचंच हे नवं रूप म्हणायचं.

पण प्राचीन नाण्याला डॉलरचा आकडा लावणं ही निव्वळ हौस आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. शेतात सापडलेलं धन तर 1878 च्या कायद्याने, दहा रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लंडनच्या लिलावातला भाव मोबाइलवर दिसतो, म्हणून नाणेघाटाखालच्या मुरबाडच्या नाण्याला तो मिळेल असं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेलाही सूचना काढावी लागली: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आमच्या नावाने कुणी शुल्क वा कमिशन मागत असेल तर देऊ नका.