तळटीप : लाहोरमधला खून आणि वारसांची माफी

मूळ मजकुरात ओझरती आलेली ही घटना ६ एप्रिल १९९९ ची. पेशावरची समिया सरवर नवऱ्याच्या छळाला कंटाळून घटस्फोटासाठी लाहोरला वकील हिना जिलानी यांच्याकडे आली होती. माहेरच्यांना घटस्फोट म्हणजे घराण्याची नाचक्की वाटत होती. आई भेटायला आली ती एका माणसाला सोबत घेऊन. चालायला त्याचा आधार लागतो, असे तिने सांगितले. त्याने हिनांच्या कार्यालयातच, त्यांच्या देखत, समियाच्या डोक्यात गोळी झाडली. वडील पेशावरमधले बडे व्यापारी, आई डॉक्टर. तेव्हा अशी कृत्ये अडाण्यांची, हा समज वाचकाने सोडून द्यावा.

पुढे पेशावरच्या काही मौलवींनी हिना आणि त्यांची बहीण अस्मा जहांगीर यांच्याविरुद्धच फतवे काढले. पाकिस्तानच्या सिनेटमध्ये खुनाच्या निषेधाचा ठरावही बारगळला. अब्रूपायी मुलीला मारणे ही टोळ्यांची जुनी रीत, कुराणात तिला आधार नाही. तरी धर्माचे नाव घेऊन धमकावणारे त्या रीतीच्याच पाठीशी उभे राहिले, हे मला खुनाइतकेच भयंकर वाटते.

असे खुनी सुटत ते १९९० च्या वटहुकमामुळे. त्याने मृताच्या वारसांना माफीचा अधिकार दिला. मारणारा भाऊ आणि माफ करणारे त्याचेच आईबाप! २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोचचा भावाने खून केला, त्यानंतर कायदा बदलला : माफी मिळाली तरी जन्मठेप. त्या भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झाली. पण २०२२ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.