लाल विंचू आणि निदानाचा शोध

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात लाल विंचू नवा नाही. तो चावला की माणूस कळवळतो, हे सर्वांना ठाऊक होते. पण काही रुग्ण दंशानंतर काही तासांनी एकाएकी धापा टाकत, तोंडाला फेस येऊन का दगावतात, हे कोडे होते. 1961 मध्ये डॉ. मुंडले यांनी अशा रुग्णांच्या फुप्फुसांत पाणी साठते, अशी नोंद प्रसिद्ध केली. तरी उपाय सापडला नव्हता. अ‍ॅलर्जीवरची औषधे, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन हे सारे देऊनही रुग्ण हातचे जात.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. हाताशी उपकरणे बेताचीच. मग त्यांनी काय केले? रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी तासन् तास ठेवल्या. त्यातून एक क्रम दिसू लागला : उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, आणि नंतर हृदयाचा बिघाड. धोक्याच्या या पूर्वखुणा 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्या.

हे घडते कसे? विषामुळे चेतातंतूंतील सोडियमची दारे वेळेवर मिटत नाहीत. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. निदान असे नेमके झाल्यावर उपायाची दिशाही उघड झाली : आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी नेमके हेच करते. 1961 ते 1983 या काळात पश्चिम भारतात विंचूदंशाच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण 25 ते 30 टक्के नोंदले गेले होते. प्राझोसिन आल्यावर ते एक टक्क्याच्या खाली आले. 2011 मध्ये डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रुग्णांवरील चाचणीतून दाखवले, की प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर बरा होतो. डॉ. हिंमतरावांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

‘विंचू चावला’ हे कारण झाले, निदान नव्हे. दंश आणि मृत्यू यांमधल्या तासांत शरीरात काय घडते, ते पाहणारे कोणीतरी लागते. वर्गात निरीक्षणवही लिहून घेताना हे मुलांना जरूर सांगावे : वेळ घालून केलेली साधी नोंद माणसाचा जीव वाचवू शकते.